पी२एक्स७ अडवणारं औषध वडिलांना का देत नाहीत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ५८ वर्षांचे. गेल्या महिन्यात एएमएलचं, म्हणजे अक्यूट मायलॉइड ल्युकेमियाचं निदान झालं आणि पुण्यातच ‘सात अधिक तीन’ किमो (एक औषध सात दिवस, दुसरं तीन दिवस) सुरू झाली. चार वर्षांपूर्वी स्टेंट बसवला होता. तेव्हापासून चालू असलेलं क्लोपिडोग्रेल, म्हणजे रक्ताची गुठळी होऊ न देणारं औषध, डॉक्टरांनी आता थांबवलं. भाची एमएस्सी बायोटेक करते. तिने वाचलं की ल्युकेमियाच्या पेशींवर पी२एक्स७ नावाचा प्युरिनर्जिक रिसेप्टर (पेशीवरचा, बाहेरचे निरोप टिपणारा रेणू) जास्त असतो, तो अडवला की उंदरांमधला ल्युकेमिया मंदावतो, आणि क्लोपिडोग्रेलही याच घराण्यातला एक रिसेप्टर अडवतं. मग नवं द्यायचं सोडून चालू होतं तेच का काढलं? शिवाय शेजाऱ्यांनी एटीपीच्या गोळ्या सुचवल्या आहेत आणि कुणीतरी डाळी बंद करायला सांगितलं आहे.

भाचीने वाचलंय ते खरं आहे, पण ती या विषयाची एक बाजू झाली. याच रेणूंवर असेही प्रयोग झालेत की ज्यांचा निष्कर्ष नेमका उलट निघतो, आणि तेही तितक्याच चोख प्रयोगशाळांमधून. हे रिसेप्टर रक्तनिर्मितीत आणि ल्युकेमियात काम करतात यात शंका नाही. प्रश्न एवढाच की कोणत्या पेशीवर, किती मात्रेत आणि कोणत्या वेळी. ते ठरवता येत नाही तोवर ‘अडवा’ किंवा ‘वाढवा’ असं सरसकट सांगता येत नाही.

मुळापासून सांगतो. एटीपी आपण शाळेत पेशीचं इंधन म्हणून शिकतो. पेशीच्या आत ते मिलिमोलरमध्ये असतं, बाहेर जेमतेम नॅनोमोलरमध्ये. म्हणजे आतबाहेरचा फरक लाखपटीच्या घरातला. शेगडीला जोडलेला गॅस कामाचा, पण त्याचा वास स्वयंपाकघरात पसरला की सगळे उठून धावतात. पेशीबाहेर आलेल्या एटीपीचं तसंच आहे. पेशी फुटली, दाबली गेली, तिला ऑक्सिजन कमी पडला की एटीपी बाहेर येतं आणि शेजारच्या पेशी ते ‘वाचतात’. वाचण्यासाठी जे रिसेप्टर असतात ते प्युरिनर्जिक. जेफ्री बर्नस्टॉक यांनी १९७२ मध्ये ही कल्पना मांडली तेव्हा फार कमी लोकांनी ती मनावर घेतली. इंधन कधी निरोप देतं का, असाच बहुतेकांचा सूर होता. नव्वदच्या दशकात रिसेप्टरांची जनुकंच हाती आली आणि तो वाद संपला.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९२९ मध्ये हार्वर्डला सायरस फिस्के आणि आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी स्नायूंमधून एटीपी वेगळं काढलं; त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोमान यांनीही काढलं. याच सुब्बारावांच्या लेडर्ली कंपनीतल्या गटाकडून पुढे अमिनोप्टेरिन आलं, आणि १९४८ मध्ये सिडनी फार्बर यांनी ते वापरून लहान मुलांच्या ल्युकेमियात, तात्पुरती का होईना, रोगमुक्ती दाखवली. त्याच वर्षी सुब्बाराव गेले. एटीपी आणि ल्युकेमिया हे दोन विषय कधी एका वाक्यात येतील, हे त्यांच्या हयातीत कुणाला सुचायचं कारणच नव्हतं.

रिसेप्टरांची तीन घराणी आहेत. पी२एक्सचे सात प्रकार. ही सरळ आयनांची दारं, एटीपी चिकटलं की उघडतात आणि कॅल्शियम, सोडियम आत घेतात. पी२वायचे आठ प्रकार. यातले काही एटीपी ओळखतात, काही एडीपी, काही यूटीपी किंवा यूडीपी (हे सगळे एटीपीचेच भाऊबंद), तर पी२वाय१४ यूडीपी-ग्लुकोजही ओळखतो. तिसरं घराणं पी१, म्हणजे अॅडेनोसिनचे चार रिसेप्टर. अॅडेनोसिन येतं कुठून? पेशीच्या पृष्ठभागावरच्या सीडी३९ आणि सीडी७३ या दोन एन्झाइमांमुळे. सीडी३९ एटीपीचे फॉस्फेट तोडून एएमपीपर्यंत आणतं आणि सीडी७३ त्याचं अॅडेनोसिन करतं. एटीपी साधारणपणे दाह पेटवतं, अॅडेनोसिन तो विझवतं. म्हणजे एकाच जागेवर काही वेळात निरोपाचा अर्थ फिरतो. नुसतं एटीपी मोजून निष्कर्ष काढला की फसगत होते ती यामुळे.

आता रक्तनिर्मिती. बोन मॅरोमधल्या (हाडांतल्या मगजातल्या) मूळपेशी, ज्यांच्यापासून रक्ताच्या सगळ्या पेशी बनतात, एरवी झोपल्यासारख्या असतात, आणि त्या तशाच राहाव्यात हेच आपल्या हिताचं असतं. २००४ मध्ये इटलीत बोलोन्याच्या गटाने दाखवलं की माणसाच्या सीडी३४ पेशींना (पृष्ठभागावर सीडी३४ ही खूण असलेल्या मूळपेशींना) वाढीच्या नेहमीच्या सायटोकाइनांसोबत, म्हणजे पेशींना वाढायला सांगणाऱ्या प्रथिनांसोबत, एटीपी आणि विशेषतः यूटीपी दिलं तर त्या जास्त जोमाने वाढतात आणि प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांत रुजतातही चांगल्या. २००७ मध्ये त्यांनीच दाखवलं की यूटीपीमुळे या पेशी मॅरोकडे बोलावणाऱ्या सीएक्ससीएल१२ च्या दिशेने अधिक सरकतात. इथवर ऐकून कुणालाही वाटेल की हे निरोप वाढीला पोषक आहेत, मग ल्युकेमियालाही असणारच. पण २०१२ मध्ये त्याच वर्तुळातून एएमएलच्या ब्लास्ट पेशींवरचे, म्हणजे ल्युकेमियाच्या कच्च्या पेशींवरचे, प्रयोग आले. तिथे याच रेणूंनी ब्लास्टची वाढ रोखली, हालचाल मंदावली आणि उंदरांत रुजणंही कमी केलं. रेणू तेच, घराणी तीच. निरोगी मूळपेशीला ‘चल’ म्हणणारा निरोप ब्लास्टला ‘थांब’ म्हणतो. भाचीला या दोन प्रयोगांची तुलना करायला सांगा. सेमिनारला याहून चांगला विषय मिळणार नाही.

पी२वाय१४ ची गोष्ट वेगळी आहे. तो मूळपेशींवर असतो हे २००३ पासून माहीत आहे. पण तो नसलेले उंदीर एरवी ठणठणीत दिसतात. त्यांच्यावर किरणोत्सर्गासारखा ताण आला की मात्र त्यांच्या मूळपेशी लवकर म्हाताऱ्या होतात. थोडक्यात, शांततेच्या काळात या रिसेप्टरची गरजच भासत नाही. मार बसल्यावर सावरायला तो लागतो. आमच्या रुग्णांच्या मॅरोला किमोचा मारच बसलेला असतो, म्हणून मला हा भाग महत्त्वाचा वाटतो. ब्लास्ट मारता मारता शिल्लक राहिलेल्या चांगल्या मूळपेशींची सावरण्याची यंत्रणाच बंद पाडली, तर काउंट (रक्तपेशींची संख्या) वर यायला उशीर होईल, आणि काउंट शून्यावर असलेला प्रत्येक जास्तीचा दिवस म्हणजे जंतुसंसर्गाला एक जास्तीची संधी.

पुढे ट्रान्सप्लांटची वेळ आली तर दात्याला चार-पाच दिवस जी-सीएसएफची (मॅरोला चालना देणाऱ्या प्रथिनाची) इंजेक्शनं देऊन मूळपेशी रक्तात आणतात आणि मशीनवर गोळा करतात. उंदरांमधल्या कामावरून दिसतं की त्यातही एटीपीचा हात असतो: जी-सीएसएफमुळे पेशी एटीपी सोडतात, त्यातून मॅरोमध्ये जंतूंशिवायचा दाह पेटतो आणि मूळपेशी बाहेर पडतात, तयार होणारं अॅडेनोसिन त्याला लगाम घालतं. दात्याची हाडं त्या दिवसांत का दुखतात हे विचारलंत तर त्याचं पूर्ण उत्तर एवढ्यात बसत नाही, पण मॅरो शांत नसते एवढं नक्की.

आता तुमचा मूळ मुद्दा, पी२एक्स७. हा घराण्यातला सगळ्यात चमत्कारिक. इतर पी२एक्स रिसेप्टर थोड्याशा एटीपीने उघडतात. याला शेकडो मायक्रोमोलर लागतं, म्हणजे आजूबाजूला पेशी मोठ्या प्रमाणावर फुटत असतील तरच. थोडा वेळ उघडला तर आयन जातात. बराच वेळ उघडा राहिला तर पेशीच्या पडद्यातून मोठे रेणूही जाऊ लागतात आणि पेशी मरते. याचं जनुक १९९६ मध्ये हाती आलं, पण त्याआधीच सीएलएलच्या, म्हणजे संथ गतीच्या लिम्फोसाइट ल्युकेमियाच्या रुग्णांच्या पेशींवर एटीपी टाकून हे छिद्र उघडताना पाहिलेलं होतं. २००२ च्या सुमारास बातमी आली की या प्रथिनात ४९६ व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी अॅलॅनिन असेल तर रिसेप्टर दुबळा होतो, पेशी मरायच्या टळतात आणि सीएलएलचा धोका वाढतो. तर्क किती सुबक! पण नंतरच्या गटांना हा संबंध सापडला नाही. तर्क सुबक आहे म्हणून तो खरा ठरत नाही, हे या विषयात वारंवार दिसतं.

एएमएलमध्ये गुंता आणखी आहे, कारण पी२एक्स७ एक नाही. पूर्ण लांबीचा ‘ए’ प्रकार ५९५ अमिनो आम्लांचा. त्याला आतल्या बाजूला लांब शेपूट असते आणि मारक छिद्र उघडायला ती लागते. ‘बी’ प्रकारात ती शेपूट कापलेली असते. तो आयन आत घेतो, पण मोठं छिद्र उघडत नाही. त्यामुळे पेशीला चालना मिळते, मरण मात्र मिळत नाही. एएमएल उलटलेल्या रुग्णांच्या पेशींत ‘बी’ वाढलेला आणि ‘ए’ घटलेला आढळला आहे. वडिलांना जे लाल औषध तीन दिवस दिलं, ज्यामुळे लघवीही लालसर होते, ते डॉनोरुबिसिन. त्याचा ब्लास्टवर किती परिणाम होतो हे या ‘ए’ आणि ‘बी’च्या प्रमाणावर अवलंबून असल्याचं प्रयोगशाळेत दिसलं आहे, आणि उंदरांमध्ये पी२एक्स७ अडवणारं रसायन डॉनोरुबिसिनच्या जोडीला दिल्यावर ल्युकेमिया जास्त आटोक्यात आला. भाचीने वाचलेला प्रयोग बहुधा हाच किंवा याच्या जवळपासचा असावा.

मग माणसाला का नाही द्यायचं? कारण रोगप्रतिकारक पेशींनाही पी२एक्स७ हवा असतो. डॉनोरुबिसिनसारखी औषधं ब्लास्टला अशा रीतीने मारतात की मरणारी पेशी एटीपी सोडते. डेंड्रायटिक पेशी (शत्रूची ओळख करून देणाऱ्या प्रतिकारक पेशी) ते आपल्या पी२एक्स७ वर घेतात, आयएल-१ बीटा हा दाहाचा निरोप तयार होतो आणि टी पेशींना शत्रू दाखवला जातो. रिसेप्टर सरसकट अडवला तर ब्लास्टची चालना थांबेल, पण ही ओळखपरेडही थांबू शकते. जमाखर्च कुठे जाईल हे उंदरांत, तेही मानवी पेशी रुजाव्यात म्हणून प्रतिकारशक्ती काढून टाकलेल्या उंदरांत, कळणारच नाही. हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. पी२एक्स७ अडवणारी काही औषधं माणसांना दिलीही गेली आहेत, पण संधिवातासाठी. माणसांनी ती सोसली, संधिवाताला मात्र उपयोग झाला नाही. ल्युकेमियासाठी मान्यता मिळालेलं असं एकही औषध आज नाही.

वैयक्तिक मत विचाराल तर मला पी२एक्स७ पेक्षा सीडी३९ कडून जास्त आशा आहे. सायटाराबीन, म्हणजे वडिलांचं सात दिवसांचं औषध, पुरून उरणाऱ्या ब्लास्टवर सीडी३९ वाढलेलं असतं आणि ते त्या पेशींच्या मायटोकाँड्रियाला तग धरायला मदत करतं, असं २०२० मध्ये दाखवलं गेलं. इथे निदान लक्ष्य कोणतं ते स्पष्ट आहे: सगळ्या पेशी नव्हेत, किमोनंतर उरलेल्या चिवट पेशी. तरीही वडिलांच्या फ्लो सायटोमेट्रीच्या (पेशींवरच्या खुणा मोजणाऱ्या तपासणीच्या) रिपोर्टमध्ये सीडी३४, सीडी११७, सीडी३३ दिसतील. सीडी३९ नसलं तर कुणी काही राहून गेलं असं समजू नका. त्यावर आज उपचार ठरत नाही.

क्लोपिडोग्रेलचं मात्र नीट समजून घ्या, कारण तुमच्या घरात या सगळ्या प्रकरणातला खरोखर चालू असलेला रिसेप्टर तोच आहे. प्लेटलेटवर पी२वाय१ आणि पी२वाय१२ असे दोन एडीपी रिसेप्टर असतात. कोअॅग्युलेशन लॅबमध्ये आम्ही हे डोळ्यांनी बघतो: प्लेटलेटने भरलेला प्लाझ्मा नळीत ढगाळ दिसतो, त्यात एडीपीचा थेंब टाकला की पी२वाय१ मुळे प्लेटलेट आकार बदलतात, एकमेकींना चिकटायला लागतात, आणि पी२वाय१२ मुळे चिकटलेल्या सुटत नाहीत. गुठळ्या झाल्या की प्लाझ्मा स्वच्छ होतो, प्रकाश आरपार जातो आणि पडद्यावरची रेघ चढते. क्लोपिडोग्रेल घेणाऱ्याच्या नमुन्यात रेघ थोडी चढते आणि पुन्हा खाली घसरते, कारण पी२वाय१२ कायमचा बंद झालेला असतो. त्या प्लेटलेटच्या आयुष्यात तो पुन्हा उघडत नाही. प्लेटलेट सात ते दहा दिवस जगते, म्हणून औषध थांबवल्यावरही परिणाम काही दिवस रेंगाळतो.

आता वडिलांची स्थिती बघा. ब्लास्टनी मॅरो व्यापलेली, वर किमो; प्लेटलेट १०–२० हजारांवर. ज्या थोड्या आहेत त्यांचाही पी२वाय१२ बंद ठेवला तर मेंदूत किंवा आतड्यात रक्तस्राव व्हायला वेळ लागत नाही. तज्ज्ञांच्या संमतीने चालत आलेला ढोबळ आकडा असा की साधारण ३० हजारांच्या खाली क्लोपिडोग्रेल नको, आणि त्याच जातीची टिकाग्रेलॉर, प्रासुग्रेल ही औषधं ५० हजारांच्या खाली नको. स्टेंट चार वर्षं जुना आहे, हे नशीब. महिन्याभरापूर्वी बसवला असता तर हृदयरोगतज्ज्ञाला शेजारी बसवून रोज हिशेब करावा लागला असता. आणखी एक बाब: या काळात बुरशीसाठी पोसाकोनॅझोल किंवा व्होरिकोनॅझोल देतात. क्लोपिडोग्रेल यकृतात बदलल्याशिवाय काम करत नाही, आणि व्होरिकोनॅझोल तो बदलच अडवतं; उलट टिकाग्रेलॉर या औषधांमुळे शरीरात साठतं. म्हणून प्लेटलेट वर आल्यावर ‘जुनी गोळी घरात पडलीच आहे’ म्हणून आपल्या मनाने सुरू करू नका. बाहेरून चढवलेल्या प्लेटलेटवर क्लोपिडोग्रेलचा डाग नसतो, त्या पूर्ण काम करतात. ते परत सुरू केलंत तर एसडीपीच्या (एकाच दात्याकडून घेतलेल्या प्लेटलेटच्या) दात्यासाठी व्हॉट्सअॅपवर केलेली सगळी धावपळ तुम्हीच पाण्यात घालाल. डेंग्यूच्या मोसमात पुण्यात दाता मिळवणं किती अवघड जातं हे तुम्हाला एव्हाना कळलंच असेल.

क्लोपिडोग्रेल पी२वाय१२ अडवतं, पी२एक्स७ नव्हे. त्यामुळे ‘ल्युकेमियावरचं औषध काढून घेतलं’ असा अर्थ काढू नका.

एटीपीच्या गोळ्या: पैसे वाचवा. तोंडावाटे घेतलेलं एटीपी आतड्यातच मोडतं, रक्तातली पातळी वाढत नाही. समजा थोडं पोहोचलंच, तर रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरचं सीडी३९ ते लगेच तोडतं. शिवाय वाढवून कुणाला खायला घालायचं, चांगल्या मूळपेशीला की ब्लास्टला, हे गोळीला कळत नाही. चहाचंही विचारतात लोक, कारण कॅफिन अॅडेनोसिनचे रिसेप्टर अडवतं. घरी उकळलेला चहा खुशाल द्या. मॅरोला त्याने काही फरक पडत नाही.

डाळींची भीती दुसऱ्याच कारणामुळे आलेली आहे. हजारो कोटी ब्लास्ट एकदम फुटले की त्यांच्या डीएनएमधल्या प्युरिनचं युरिक अॅसिड होतं आणि मूत्रपिंडावर ताण येतो. त्यासाठीच सलाइन आणि अॅलोप्युरिनॉल चालू होतं. त्या लाटेपुढे वाटीभर वरणातलं प्युरिन किस झाड की पत्ती. वरण-भात खाऊ द्या, ताजं आणि गरम. त्यांना आत्ता प्रथिनांची गरज आहे.

डॉक्टरांकडे विचारायचंच असेल तर एफएलटी३ आणि एनपीएम१ या जनुकांचे रिपोर्ट आले का, ते विचारा. एफएलटी३ पॉझिटिव्ह असेल तर मिडोस्टॉरिन हे औषध आठव्या दिवसापासून देतात, त्यामुळे तो रिपोर्ट उशिरा येऊन चालत नाही. किमोनंतरची मॅरो कधी करणार आणि त्यात एमआरडी, म्हणजे किमोनंतर उरलेला बारीकसा रोग, बघणार का, हेही विचारा. वडिलांचं पुढचं सगळं या तीन-चार कागदांवर ठरेल.

भाचीचा हुरूप मात्र वाया जाऊ देऊ नका. आपल्या गणेशखिंडच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात रक्ताच्या मूळपेशींवर वर्षानुवर्षं काम झालेलं आहे. प्रकल्पासाठी तिथे विचारून पाहायला हरकत नाही. एक व्यवहाराची गोष्ट तिला आधीच सांगून ठेवा: पी२एक्स७ च्या शेपटीला चिकटणारी अँटिबॉडी घेऊन ब्लास्ट रंगवले तर शेपूट नसलेला ‘बी’ दिसणारच नाही, आणि रिसेप्टर कमी झालाय असा निष्कर्ष निघेल. ‘ए’ आणि ‘बी’ वेगवेगळे मोजायचे तर दोन्हींसाठी स्वतंत्र प्रायमर घेऊन आरटी-पीसीआर करावी लागते, आणि नमुना किमो सुरू होण्याआधीचा आणि नंतरचा, असा जोडीने हवा.